विठ्ठल राखतो, म्हणजे नेमकं काय करतो?

पंढरपूरपासून मंगळवेढा लांब नाही, पंचवीस किलोमीटरच्या आसपास. या एकाच गावाच्या दोन गोष्टी वारकरी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत.

पहिली दामाजीपंतांची. बिदरच्या बादशहाचे ते मंगळवेढ्यातले अधिकारी. पंधराव्या शतकात मोठा दुष्काळ पडला, माणसं अन्नावाचून तडफडू लागली, तेव्हा दामाजींनी बादशहाला न विचारता सरकारी कोठारं उघडली. शिक्षा ठरलेलीच होती. पंतांना धरून बिदरला नेत असतानाच तिकडे दरबारात एक विठू महार पोचला. त्याने धान्याचा पै न् पै हिशेब चुकता केला, पावती घेतली आणि निघून गेला. तो कोण होता हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही.

दुसरी गोष्ट चोखोबांची आणि ती काळाने आधीची. शके १२६०, म्हणजे इ.स. १३३८. मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम चाललं होतं. वेठीला धरून आणलेले महार भिंत बांधत होते. ती कोसळली आणि चोखामेळा तिच्याखाली गेले. नामदेव तिथे आले, तेव्हा ढिगाऱ्यातली कुठली हाडं कोणाची हे कळायला मार्ग नव्हता. कथा सांगते की नामदेवांनी एकेक हाड कानाला लावलं, ज्यातून ‘विठ्ठल विठ्ठल’ ऐकू आलं ते वेचून घेतलं, आणि पंढरपुरात महाद्वारासमोर चोखोबांची समाधी बांधली.

एका भक्तासाठी देव वेष पालटून बिदरपर्यंत गेला. दुसऱ्यावर भिंत पडत होती तेव्हा ती धरायला आला नाही. गाव तेच, विठ्ठल तोच. वारकऱ्यांनी यातली एक गोष्ट ठेवून दुसरी टाकली नाही, दोन्ही जपल्या. ‘देव राखतो’ या शब्दांचा अर्थ समजून घ्यायचा असेल तर या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवूनच घ्यावा लागेल असं मला वाटतं.

आमच्या घरात हा प्रश्न २०२१ च्या मे महिन्यात शिरला. माझा धाकटा भाऊ कोरोनात गेला. चौतिसाव्या वर्षी. आई माळकरी, बावीस वाऱ्या पायी केलेली, सकाळचा हरिपाठ कधी न चुकवलेली. त्या दिवसांत भेटायला कुणी येऊ शकत नव्हतं, फोन येत होते. एका नातलग बाईंनी विचारलं, “एवढं देवाचं करून काय झालं गं?” दुसऱ्या म्हणाल्या, “देवाला आवडला, म्हणून नेला.” दोघींनाही आईची माया होती, दुष्टपणा कुणाच्याच मनात नव्हता. पण आईने दोन्ही फोन ऐकून सारखाच चेहरा केला. तेव्हापासून मी या विषयाचं जे मिळेल ते वाचत आलोय, कीर्तनकारांना विचारत आलोय. मला जे उमगलं ते सोप्या शब्दांत मांडतो.

वहाम्यहम्

देवाच्या संरक्षणाचं सगळ्यांत प्रसिद्ध आश्वासन गीतेच्या नवव्या अध्यायात आहे, बाविसावा श्लोक. जे अनन्य होऊन माझं चिंतन करतात त्यांचा ‘योगक्षेमं वहाम्यहम्’. हे शब्द आपण रोज पाहतो, कारण आयुर्विमा महामंडळाच्या बोधचिन्हाखाली ते लिहिलेले असतात. वर ज्योत जपणारे दोन हात आणि खाली ही ओळ.

योग म्हणजे जे आपल्याकडे नाही ते मिळणं. क्षेम म्हणजे जे आहे ते टिकणं. शंकराचार्यांनी असाच अर्थ दिला आहे. तेव्हा वरवर पाहता हे वचन फार मोठं वाटतं: हवं ते मिळेल, असलेलं जाणार नाही. आपल्या मनात देवाशी जो करार असतो तो साधारण याच वाचनातून तयार होतो. मी उपास धरतो, वारी करतो, माळ घालतो, तू माझं घर सांभाळ. घरावर काही कोसळलं की मग दोनच वाटा उरतात. देव खोटा, नाही तर माझी भक्ती कमी पडली. त्या दोन फोनांच्या मुळाशी हाच करार होता.

पण श्लोकातलं क्रियापद बघा. वहामि. वाहतो. वह् म्हणजे ओझं घेऊन चालणं. वाहन, वाहक, वाहतूक हे आपले शब्द तिथलेच. ‘मी ओझं नाहीसं करतो’ असं ते क्रियापद म्हणत नाही, ‘मी ते वाहतो’ म्हणतं. विमा कंपनीने हे वचन निवडलं ते मला पूर्वी व्यापारी वाटायचं, आता तसं वाटत नाही. विम्याने मरण टळत नाही. माणूस गेल्यावर मागे राहिलेल्यांच्या पाठीवर जे येतं त्यातलं काही तो उचलतो. वचनाचा अर्थ त्या अंगाने जास्त खरा आहे.

त्याच अध्यायात पुढे ‘न मे भक्तः प्रणश्यति’ आहे, माझा भक्त नाश पावत नाही. हे वचन ऐकणाऱ्या अर्जुनाचं पुढे काय झालं हेही महाभारतातच लिहिलेलं आहे. युद्धाच्या तेराव्या दिवशी त्याचा सोळा वर्षांचा मुलगा चक्रव्यूहात मारला गेला. अभिमन्यू कृष्णाचा सख्खा भाचा, सुभद्रेचा मुलगा. त्या दिवशी कृष्ण अर्जुनाचा रथ घेऊन रणांगणाच्या दुसऱ्या टोकाला होता. पुढे त्याच अभिमन्यूचं पोटातलं बाळ अश्वत्थाम्याच्या अस्त्राने मेलेलं जन्मलं, तेव्हा कृष्णाने ते जिवंत केलं. मुलगा वाचवला नाही, नातू वाचवला. मंगळवेढ्याचीच गोष्ट पुन्हा. व्यासांनी ती गुळगुळीत करायचा प्रयत्न केलेला नाही. सुभद्रा रडते, तिचं रडणं पानंच्या पानं चालतं आणि तिला कुणी ‘रडू नकोस, तुझा भाऊ देव आहे’ असं सांगत नाही.

आणखी एक श्लोक इथे उपयोगी आहे, सातव्या अध्यायातला सोळावा. चार प्रकारचे लोक मला भजतात असं कृष्ण सांगतो, आणि त्यांत पहिलं नाव घेतो आर्ताचं. आर्त म्हणजे दुःखाने पिळवटलेला. जिज्ञासू, अर्थार्थी, ज्ञानी हे त्याच्या मागून येतात. रडत, ओरडत, तक्रार करत आलेला माणूस भक्तांच्या यादीत आहे, आणि यादीची सुरुवातच त्याच्यापासून होते.

प्रारब्धाचं काय?

आपल्याकडे दुःखाचं उत्तर म्हणून सर्रास प्रारब्ध पुढे केलं जातं, म्हणून त्याचाही अर्थ नीट पाहू. कर्म तीन प्रकारचं मानलं आहे. संचित म्हणजे मागचा साठा. प्रारब्ध म्हणजे त्या साठ्यातला या जन्मात भोगायला निघालेला भाग. क्रियमाण म्हणजे आज, आत्ता आपण करत असलेलं. जुना दाखला बाणाचा आहे: संचित भात्यात, क्रियमाण हातात, प्रारब्ध धनुष्यातून सुटलेलं. सुटलेला बाण संतांनाही परत बोलावता येत नाही, असं परंपरा मानते. ज्ञानेश्वर पोरके झाले, तुकोबा उपाशी राहिले, कुणाचंच प्रारब्ध त्यांच्या भक्तीने पुसलं गेलं नाही.

हा विचार स्वतःच्या दुःखाकडे बघताना कुणाला आधार देत असेल तर तो त्याने जरूर धरावा. दुसऱ्याच्या दुःखावर मात्र तो ठेवू नये. मूल गमावलेल्या आईला ‘मागच्या जन्मीचं असेल काही’ म्हणणं म्हणजे तिच्या जखमेवर तिचीच चूक लिहिणं. आणि दुसरी गोष्ट त्याहून मोठी. प्रारब्धाच्या पांघरुणाखाली माणसांनी केलेल्या गोष्टी झाकल्या जातात. चोखोबांवर भिंत पडली ती का? वेठीला धरलं म्हणून. त्यांना मंदिराच्या बाहेर उभं राहावं लागलं ते का? आत जाऊ दिलं नाही म्हणून. हे माणसांचं काम होतं. चोखोबांचा मुलगा कर्ममेळा हे बरोबर ओळखून होता. त्याने देवालाच उभं धरलं:

आमुची केली हीन याती । तुज कां न कळे श्रीपति ॥
जन्म गेला उष्टें खातां । लाज न ये तुमचे चित्ता ॥

‘तुला लाज कशी वाटत नाही?’ असं विठ्ठलाला विचारणारा हा अभंग वारकऱ्यांनी गाळून टाकला नाही. सातशे वर्षांच्या जवळपास तो आपल्यापर्यंत चालत आला आहे.

देहूचा वाणी

आता तुकोबांकडे येतो. या विषयावर बोलायचा अधिकार त्यांच्याइतका मला दुसऱ्या कुणाचा वाटत नाही, कारण त्यांनी सगळं गमावून मग विश्वास धरला आणि मधल्या काळात काय काय वाटलं ते लपवलं नाही.

देहूचं मोरे घराणं खाऊन पिऊन सुखी. बाजाराची महाजनकी, दुकान, सावकारी, शेत. घरातच विठ्ठलाचं देऊळ, पंढरीची वारी पिढ्यांची. म्हणजे करार पाळणारं घर होतं म्हणा ना. तुकोबा सतरा-अठरा वर्षांचे असतील तेव्हा आईवडील गेले. थोरल्या भावाची, सावजींची, बायको गेली आणि ते घर सोडून तीर्थाटनाला निघून गेले. मग १६२९ ते १६३१ चा दुष्काळ आला.

हा दुष्काळ नुसता पाऊस न पडल्याचा नव्हता. गुजरात आणि दख्खन, दोन्हीकडे पावसाने दगा दिला हे खरं. पण त्याच वेळी शाहजहानच्या फौजा निजामशाहीवर चालून आल्या होत्या, बुऱ्हाणपुराला बादशहाचा तळ होता. आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने याच सुमारास पुणं जाळून उद्ध्वस्त केलं. १६३० च्या नोव्हेंबरात सुरतेहून निघालेला पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी वाटेत मेलेल्या माणसांचे ढीग पाहत गेला, तंबू ठोकायला प्रेतांवाचून मोकळी जागा मिळेना असं त्याने लिहून ठेवलं आहे. देहू या सगळ्यातून कशी सुटणार? तुकोबांचं वय तेव्हा एकवीस-बावीस. दुकान बुडालं, गुरं गेली, पत गेली. पहिली बायको रखमाबाई, दम्याने आधीच खंगलेली, उपासमारीत गेली. मुलगा संतू गेला. पुढे संतांनी विचारलं म्हणून त्यांनी स्वतःच सांगितलं:

दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥
लज्जा वाटे जीवा त्रासलों या दुःखें । वेवसाय देखें तुटी येतां ॥

‘अन्न अन्न करितां मेली.’ या ओळीत देव नाही, तत्त्वज्ञान नाही, समाधान नाही. बायको अन्न मागत मेली आणि मी देऊ शकलो नाही, मला लाज वाटते. इतकंच. मी ही ओळ वाचून पुस्तक मिटून बसलो होतो एकदा.

आता याच माणसाचा दुसरा अभंग घ्या, जो आपल्याकडे दुःखी माणसाच्या तोंडावर फार मारला जातो.

बरें झालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली ॥

दिवाळं निघालं ते बरं झालं, दुष्काळाने छळलं ते बरं झालं, अपमान झाला ते बरं झालं. आणखी एका अभंगात तर ‘पोर मेलें बरें झालें’ असेही शब्द आहेत. नवा वाचक हे वाचून दचकतो, आणि दचकलंच पाहिजे. तुकोबांना लेकराच्या मरणाचा आनंद झाला असा अर्थ कुणी काढत असेल तर तो गाथा न वाचलेला माणूस. ‘बरें झालें’ म्हणणारा आणि ‘लज्जा वाटे जीवा’ म्हणणारा माणूस एकच आहे. हातातलं एकेक निसटत गेलं, धरण्यासारखं शेवटी एकच उरलं, आणि ते धरल्यावर त्या मोकळ्या हातांकडे पाहून तो हे बोलतोय. हे त्याचं स्वतःचं वाक्य आहे, स्वतःच्या दुःखाविषयी. ते उसनं घेऊन शेजाऱ्याला सांगता येत नाही. गाडगेबाबांना कीर्तन चालू असताना मुलगा गेल्याची बातमी कळली, तेव्हा ‘असे गेले कोट्यानुकोटी, काय रडू एकासाठी’ असं ते म्हणाले. तेही तसंच. बाबांनी ते स्वतःला सांगितलं, दुसऱ्या कुणाच्या पोराच्या तिरडीजवळ नाही.

आणि मधले दिवस? विश्वास एका झटक्यात आला असं गाथेत कुठेही दिसत नाही. तुकोबा भंडाऱ्याच्या, भामचंद्राच्या डोंगरावर एकटे जाऊन बसत. देव भेटत नाही म्हणून रडत, भांडत. एक अभंग इथवर जातो:

माझे लेखीं देव मेला । असो त्याला असेल ॥

माझ्यापुरता देव मेला, ज्याच्यासाठी असेल त्याच्यासाठी असो. पुढे म्हणतात, आता त्याच्याविषयी बोलणार नाही, त्याचं नाव घेणार नाही, आमचं दोघांचं तुटलं. संतांच्या गाथेत हे आहे. आईने भाऊ गेल्यावर पाच महिने हरिपाठ म्हटला नाही. तिला फार अपराधी वाटायचं, मला काय बोलावं कळायचं नाही. शेवटी हा अभंग मी तिला वाचून दाखवला. तिने तो दोनदा वाचायला लावला. “तुकोबा असं म्हणाले?” म्हणाली, आणि बराच वेळ गप्प बसली.

नामदेवही भांडत. पतितपावन नाव ऐकून दाराशी आलो, तू पतितपावन नाहीस म्हणून परत चाललो, असं त्यांनी विठ्ठलाला तोंडावर सांगितलं आहे. यातली खुबी अशी की भांडण होतं ते समोर कुणी आहे असं धरूनच. देवाला मेलेला म्हणणारा अभंगही तुकोबांनी देवालाच ऐकवलाय. म्हणून वारकरी परंपरेत रागाला भक्तीच्या बाहेर घालवलेलं नाही. जिथे माया असते तिथेच माणूस अबोला धरतो, परक्याशी कोण धरतो?

मग तो करतो काय?

इतकं सगळं वाचल्यावर संतांच्या तोंडून मला जे उत्तर मिळालं ते त्यांच्या दोन-तीन चित्रांत आहे.

तुकोबा म्हणतात, ‘जेथें जातों तेथें तूं माझा सांगाती । चालविसी हातीं धरूनियां’. सांगाती म्हणजे सोबती, वाटेवरचा जोडीदार. पुढच्या चरणात ‘चालविसी भार सवें माझा’ आहे, गीतेतलं तेच वाहणं. वाटेत काटे नसतील, चढ नसेल असं तुकोबा कुठेच म्हणत नाहीत. हात धरलेला असेल, एवढंच म्हणतात. पायी वारी केलेल्या माणसाला याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. दिवे घाट सोबत्याने सपाट होत नाही. पण पाठीवरचं गाठोडं कुणी मैलभर घेतलं तर घाट चढून होतो.

जनाबाईंचं चित्र याहून घरगुती. नामदेवांच्या घरची दासी. पहाटे दळण, मग कांडण, झाडलोट, धुणं, पाणी. विठ्ठलाने तिला या कष्टांतून सोडवून राणी केली असं जनाबाई म्हणत नाहीत. ‘झाडलोट करी जनी । केर भरी चक्रपाणी’ असं म्हणतात. ती झाडते, तो केर भरतो. ती दळायला बसली की तो जात्याच्या खुंट्याला हात लावतो. काम तेवढंच राहिलं, हात दोनाचे चार झाले. मला हे चित्र देवाच्या संरक्षणाविषयी मी वाचलेल्या कुठल्याही चर्चेपेक्षा खरं वाटतं.

तिसरं चित्र जिजाबाईंचं, तुकोबांच्या दुसऱ्या पत्नीचं. तुकोबांच्या भक्तीची किंमत या बाईने मोजली. घरात पोरं, चुलीवर काही नाही, नवरा डोंगरावर. ती विठोबाला उभी-आडवी शिव्या घालायची, आणि भाकरी घेऊन भंडारा चढायची. कथेकरी सांगतात, एकदा चढताना तिच्या पायात काटा रुतला, आणि ज्याला ती ‘काळ्या’ म्हणून बोल लावायची त्यानेच येऊन तो काढला. तिने विश्वास ठेवला म्हणून नव्हे. रक्त येत होतं म्हणून. ‘एवढं देवाचं करून काय झालं’ या प्रश्नातला हिशेबच ही कथा मोडून टाकते. राखणं हे भक्तीच्या मापाने मिळत असतं तर त्या दिवशी काटा तुकोबांच्या पायातला निघाला असता.

आणि हे राखणं बहुतेक वेळा माणसांच्याच हातांनी होतं. दुष्काळानंतर तुकोबांनी काय केलं पाहा. लोकांकडून येणं असलेल्या सावकारीची खतपत्रं त्यांच्या घरात होती. धाकट्या भावाला, कान्होबांना, त्यांनी अर्धी वाटणी दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. देहूतल्या कित्येक घरांना त्या दिवशी वाटलं असेल की देवाने राखलं. दामाजींची कोठारंही देवाने उघडली नव्हती. ती दामाजींनी उघडली, देव नंतर आला.

चोखोबांचंही तसंच झालं, फक्त फार उशिरा. गाडगेबाबांनी पंढरपुरात दलित यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधली आणि तिला नाव दिलं चोखामेळ्याचं. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी तिथल्या तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण केलं आणि विठ्ठलाचं देऊळ दलितांना उघडलं. भिंत पडल्याला सहाशे नऊ वर्षं झाली होती. इतका उशीर देवाला लागला म्हणायचं की आपल्याला? मी तरी तो आपल्या नावावर लिहितो.

म्हणूनच ‘देव बघून घेईल’ म्हणून हात बांधून बसणं म्हणजे विश्वास नव्हे. ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण आपल्या लोकांनी आळशाला टोचण्यासाठीच केली आहे. भीक मागून जगण्यावर तुकोबांनी ‘जळो जिणें लाजिरवाणें’ असे शब्द वापरले. २०२० मध्ये पायी वारी थांबली, माऊलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, तेव्हा आमच्या दिंडीतली म्हातारी माणसं रडली, पण घरी थांबली. औषध घेणं, लस घेणं, दुखत असेल तर डॉक्टरांकडे जाणं, शोकाने झोप आणि जेवण महिनोन्‌महिने तुटलं असेल तर मनाच्या डॉक्टरांचीही मदत घेणं, हे सगळं त्या विश्वासाच्या आतलं आहे. केर भरायला तो येतो, पण झाडू आपल्याच हातात असतो.

दुःखातल्या माणसाकडे जाताना काय बोलावं, असं मला आता लोक विचारतात. मी त्या दोन फोनांची गोष्ट सांगतो आणि मग तिसऱ्या बाईंची सांगतो. आईच्या दिंडीतल्या त्या. घराबाहेर पडायची मुभा मिळाल्यावर त्या एसटीने आमच्याकडे आल्या. देवाचं नाव त्यांनी काढलं नाही. आईच्या शेजारी बसून घेवड्याच्या शेंगा निवडल्या, स्वयंपाक केला, संध्याकाळी आईच्या पायांना तेल लावलं. चार दिवस राहिल्या. जाताना फक्त म्हणाल्या, “वारी सुरू झाली की निरोप देते. पिशवी मी घेईन तुझी.”

२०२२ च्या जूनमध्ये पालख्या पुन्हा पायी निघाल्या आणि त्यांनी खरंच निरोप दिला. आई गेली. शेवटचे दोन मुक्काम मीही बरोबर होतो. पंढरपुरात पाय ठेवायला जागा नव्हती. दर्शनाची रांग कुठवर गेली होती कुणास ठाऊक. महाद्वाराजवळ गर्दीच्या लोंढ्यात आम्ही नामदेवांच्या पायरीकडे ढकलले जात होतो, तेवढ्यात आईने माझा हात ओढला आणि चोखोबांच्या समाधीकडे वळली. खाली बसली, दगडावर डोकं टेकलं, उठेना. मागून माणसं पुढे सरका म्हणत होती. मी वाकून म्हटलं, “आई, रांग लावायची ना?”

“लावू,” ती म्हणाली. “आधी याच्याशी बोलू दे. याच्यावर भिंत पडली होती.”